जनुकांच्या जाळ्यातील खरे कारभारी

गावाचा नकाशा समोर ठेवला तर चावडी कोठे आहे, बाजारपेठ कोठे आहे, कोणत्या चौकात सर्वांत जास्त रस्ते येऊन मिळतात, हे चटकन सांगता येते. पण गावात कोणाच्या शब्दाने कामे होतात, हे त्या नकाशावरून सांगता येईल काय? कदाचित तो गृहस्थ पेठेच्या टोकाला, एका बोळात राहत असेल. आजच्या विवेचनाचा विषय वरवर पाहता फार दूरचा वाटेल, पण त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आपल्या शरीरातील हजारो जनुकांचे जाळे आता संगणकाच्या पडद्यावर रेखाटता येते. त्या जाळ्यातील कर्तीसवरती जनुके कोणती आणि नुसती ठळक दिसणारी कोणती, हे ओळखावे कसे?

हा केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा प्रश्न असता तर आम्ही श्रोत्यांची संध्याकाळ त्यात खर्ची घातली नसती. औषध शोधणाऱ्यांनी कोणत्या जनुकाच्या मागे वर्षे आणि पैसा घालवावयाचा, हे पुष्कळदा अशाच चित्रांकडे पाहून ठरू लागते. चित्र चुकीचे वाचले गेले तर त्याचा भुर्दंड शेवटी रोग्यालाच बसतो. म्हणून हे चित्र कसे तयार होते आणि ते कसे वाचावे, याची थोडी फोड करून पाहू.

यादीचे ओझे

माणसाच्या शरीरात प्रथिने घडविणारी जनुके सुमारे 20,000 आहेत. यकृताची पेशी घ्या की स्नायूची, पोथी एकच. मात्र कोणत्या पेशीत कोणती पाने उघडून वाचली जातात आणि किती वेळा, यात फरक असतो. जे पान वाचले जाते त्याची एक कच्ची नक्कल पेशीत तयार होते. या नकलांना आरएनए म्हणतात. त्या मोजल्या की कोणते जनुक किती जोमाने काम करीत आहे, याचा अंदाज येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए चिप निघाली आणि हजारो जनुकांची अशी मोजदाद एकाच वेळी करणे शक्य झाले. आज आरएनएचा सरळ क्रमच वाचून हे काम होते.

आता निरोगी माणसांच्या आणि रोग्यांच्या पेशींतील ही मोजदाद शेजारी शेजारी ठेवली, तर फरक दिसणाऱ्या जनुकांची यादी हाती येते. येथेच पहिली अडचण उभी राहते. समजा, आपण 22,000 जनुके तपासली आणि वीस वेळांत एखादी चूक होईल एवढी सैल कसोटी लावली. मग काहीही खरा फरक नसतानाही सुमारे 1,100 जनुके निव्वळ योगायोगाने यादीत येऊन बसतील. यावर उपाय म्हणून कसोटी कडक करावी, तर भुसा जातो खरा, पण पुष्कळदा त्याबरोबर धान्यही जाते. योग्य तेवढीच कडक चाळणी कशी लावावी, याची एक उपयुक्त रीत 1995 साली बेंजामिनी आणि हॉचबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी सांगितली, आणि ती आज सर्रास वापरली जाते. तथापि चाळून उरलेली दोनशे नावे हाती आली, तरी ती नावेच असतात. त्यांतून कथा कशी उलगडावी?

मंडपातील शिक्षक

जनुके एकेकटी काम करीत नाहीत. साखर जाळणे, चरबी साठवणे, जखम भरून काढणे अशा प्रत्येक कामासाठी जनुकांच्या टोळ्या असतात, आणि एकाने केलेले काम दुसऱ्याच्या हाती जाते. अशा कामाच्या साखळीला मार्ग म्हणण्याचा प्रघात आहे. जपानमधील क्योटो येथे 1995 मध्ये केग या नावाने अशा मार्गांचा कोश तयार होऊ लागला. 2000 साली जीन ऑन्टॉलॉजी या प्रकल्पाने जनुकांच्या कामांची शिस्तवार वर्गवारी जगापुढे मांडली. या कोशांमुळे कोणत्या टोळीत कोणती जनुके मोडतात, ते आयते पाहावयास मिळते.

आता एक साधे गणित करू. समजा, एका गावाची वस्ती 20,000 आहे आणि गावात 100 शिक्षक आहेत. व्याख्यानाच्या मंडपात 200 माणसे बसली आहेत. माणसे कशीही, चिठ्ठ्या टाकून आली असती, तर त्यांत सरासरीने एकच शिक्षक निघाला असता. पण मोजल्यावर बारा निघाले, तर व्याख्यानांशी शिक्षकवर्गाचे काही नाते आहे, असे आपण म्हणू. जनुकांच्या यादीवर हीच तपासणी करतात. यादीतील दोनशे नावांत अमुक मार्गाच्या जनुकांचा भरणा योगायोगाने पडेल त्यापेक्षा अधिक आहे काय, हे पाहावयाचे. इंग्रजीतून आलेले एन्रिचमेंट हे तिचे नाव. आपण तिला भरणा-परीक्षा म्हणू. फिशर या संख्याशास्त्रज्ञाची जुनी कसोटी येथे बहुधा वापरली जाते.

या गणितात एक खाचखळगा आहे. गावच्या 20,000 वस्तीत तान्ही मुले आहेत, शाळकरी पोरे आहेत. ती व्याख्यानाला येण्याचा संभवच नाही. तेव्हा तुलना करावयाची ती समजा 12,000 प्रौढांशी. मग अपेक्षित शिक्षक एक नव्हे, दीडाच्या वर होतात. बाराचे नवल थोडे कमी होते. हाच नियम जनुकांना लागू आहे. स्नायूच्या तुकड्यात जी जनुके मुळी जागीच होत नाहीत, त्यांना तुलनेत धरले, तर स्नायूची नेहमीची कामेसुद्धा मोठा शोध लागल्यासारखी दिसू लागतात. कोणाच्या तुलनेत भरणा जास्त, हा प्रश्न म्हणून पहिला विचारावा.

एका शाळेचे गुण

या रीतीचा कस लागला तो मधुमेहाच्या एका अभ्यासात. 2003 साली वंशी मूठा, लीफ ग्रूप, एरिक लँडर, डेव्हिड ऑल्टशुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. स्वीडनमधील 43 पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे त्यांनी तपासले. त्यांपैकी 17 जणांची साखर सुरळीत होती, 8 जणांची सीमेवर होती आणि 18 जणांना प्रौढ वयात होणारा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होता. 22,000 च्या वर जनुकांची मोजदाद झाली. निरोगी आणि मधुमेही यांची तुलना केली आणि योग्य ती कडक कसोटी लावली, तेव्हा एकही जनुक टिकले नाही. यादी कोरी!

कोणी म्हणाले असते, झाले, फरकच नाही. पण जरा वेगळा विचार करून पाहा. गावातील सर्व शाळांची मिळून एक परीक्षा झाली आणि गुणानुक्रमे एक लांबलचक यादी लागली. एका शाळेतील प्रत्येक मुलाला नेहमीपेक्षा चार-पाच गुण कमी पडले. एखाद्या मुलाचे चार गुण गेले, तर कोणी भुवई उंचावणार नाही. परंतु त्या शाळेची जवळजवळ सगळीच मुले थोडथोडी खाली सरकलेली दिसली, तर शाळेत काही तरी घडले आहे, हे उघड होते. मूठा आणि मंडळींनी नेमके हेच पाहिले. निरोग्यांत जास्त व मधुमेहींत कमी असलेली जनुके वर, या क्रमाने सर्व जनुके मांडली. मग एकेका टोळीसाठी यादी वरून खाली चालत जावयाचे. टोळीतले नाव आले की एक पायरी चढावयाची, परके नाव आले की थोडे उतरावयाचे. टोळीची माणसे यादीभर विखुरलेली असतील तर चढउतार किरकोळ राहतो. ती एका टोकाला गोळा झालेली असतील तर मोठा चढ लागून शिखर दिसते. हे शिखर योगायोगाचे नाही ना, हे पाहण्यासाठी निरोगी व मधुमेही ही नावे आपसांत पिसून हाच खेळ 1,000 वेळा पुन्हा मांडला गेला.

शिखर गाठले ते ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनच्या जनुकांनी. नाव बोजड आहे, काम ओळखीचे आहे: पेशीतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती काढतात, ते हे काम. या टोळीतील एकेका जनुकाची घट सुमारे 20 टक्केच होती. पण टोळीतील बहुतेक जनुके एकदमच खाली आली होती. 2005 साली अरविंद सुब्रमणियन, मूठा आणि सहकाऱ्यांनी ही रीत अधिक सुधारून सर्वांसाठी खुली केली. जीन सेट एन्रिचमेंट ॲनालिसिस या नावाने ती आज जगभर चालते. तिच्यात एक महत्त्वाची सोय आहे. शिखरापर्यंतच्या चढात टोळीतील जी जनुके भेटली, त्यांना बिनीची जनुके म्हणता येईल. टोळीत शंभर नावे असली, तरी यश किंवा अपयश ज्यांच्यामुळे दिसले ती ही मंडळी. आपल्या कारभाऱ्यांचा शोध येथून सुरू होतो.

चित्र कसे तयार होते

अशी परीक्षा घेतली की एकदोन मार्ग निघत नाहीत, दीडदोनशे निघतात. त्यांतील पुष्कळ एकमेकांचे भाऊबंद असतात. "शक्तिनिर्मिती", "तंतुकणिकांतील शक्तिनिर्मिती", "तंतुकणिकांचा आतील पडदा" अशी तीन नावे, आणि आत माणसे बहुतेक तीच. हा पसारा डोळ्यांनी पाहता यावा म्हणून जाळ्याचे चित्र काढतात. 2003 साली प्रसिद्ध झालेली सायटोस्केप ही संगणक-प्रणाली या कामी सर्वत्र वापरली जाते. तिच्यावर चालणारी एन्रिचमेंट मॅप ही जोड टोरांटो येथील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केली.

तिच्या चित्रात प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक मार्ग असतो. वर्तुळ केवढे, हे त्या मार्गात किती जनुके आहेत यावर ठरते. दोन मार्गांत पुरेशी जनुके सामाईक असली की त्यांच्यामध्ये रेघ येते. जितकी जास्त, तितकी रेघ जाड. त्यामुळे भाऊबंद आपोआप एका पुंजक्यात गोळा होतात, आणि दोनशे नावांच्या जागी आठदहा पुंजके दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात वर्तुळे जनुकांची असतात आणि रेघा त्यांच्या परस्परसंबंधांच्या. स्ट्रिंग या कोशातून हे संबंध बहुधा घेतले जातात.

दोन्ही प्रकारची चित्रे नेत्रसुखद असतात. जाळे पसरलेले, मधोमध एकदोन टपोरी वर्तुळे, त्यांतून निघालेल्या रेघा. पाहणारा सहज म्हणून जातो की हा पाहा मुख्य! येथेच सावध राहिले पाहिजे.

मोठे घर, पोकळ वासा

प्रभावी जनुक शोधण्याची पहिली रीत मोजणीची. किती वेगवेगळ्या मार्गांच्या बिनीत हे जनुक येते, ते पाहावे. रीत चांगली आहे, पण भाऊबंद मार्ग वेगवेगळे धरले तर फसवणूक होते. एकाच गृहस्थाचे नाव नगरवाचनालय, वाचनालयाची कार्यकारिणी आणि कार्यकारिणीची उपसमिती अशा तीन पाट्यांवर असले, म्हणजे त्याने तीन संस्था चालविल्या असे होत नाही. म्हणून मार्ग नव्हे, पुंजके मोजावेत. जे जनुक दोनतीन निराळ्या पुंजक्यांत बिनीला दिसते, त्याकडे लक्ष द्यावे.

दुसरी रीत रेघा मोजण्याची. ज्या जनुकाला रेघा जास्त ते महत्त्वाचे. हिला आधार आहे. 2001 साली जॉंग, बाराबाशी व सहकाऱ्यांनी किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, 1,870 प्रथिनांचे जाळे तपासले. पाच किंवा त्यांहून कमी संबंध असलेल्या प्रथिनांपैकी 21 टक्के जीवनावश्यक निघाली. पंधराहून अधिक संबंध असलेल्यांपैकी मात्र 62 टक्के. परंतु संबंध कोणी मोजले आणि कोणाचे मोजले, हाही प्रश्न आहे. स्ट्रिंगच्या रेघा केवळ प्रयोगशाळेतून येत नाहीत. दोन जनुकांची नावे शोधनिबंधांत वारंवार एकत्र आली, तर तोही एक पुरावा धरला जातो. आणि निबंध सर्वांवर सारखे लिहिले जात नाहीत. 2017 साली केलेल्या एका गणतीत टीपी-53 या कर्करोगाशी निगडित जनुकावर सुमारे 8,500 निबंध निघाले. वीस हजारांतील अवघ्या शंभर जनुकांनी निबंधांचा चौथ्यापेक्षा अधिक वाटा घेतला होता. ज्याचे नाव रोज वर्तमानपत्रात येते, त्याच्या ओळखी जास्त दिसणारच. बोळातल्या माणसाच्या ओळखी मोजायला कोणी गेलेलेच नसते. 2008 मध्ये यीस्टची प्रथिने जोडीजोडीने, एकसारख्या पद्धतीने तपासून नवे जाळे विणले, तेव्हा रेघांची संख्या आणि जीवनावश्यकता यांचे ते नाते तसे आढळले नाही.

तिसरी रीत वाटेवरच्या नाक्यांची. 1977 साली लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने माणसांच्या ओळखींसाठी एक माप सुचविले: कोणत्याही दोघांमधल्या जवळच्या वाटा काढाव्या, आणि किती वाटा अमक्यावरून जातात ते पाहावे. मुंबई-पुण्याच्या लोहमार्गावर खंडाळ्याच्या घाटात काही फाटे फुटत नाहीत. पण दरड कोसळली की दोन्हीकडची वाहतूक खोळंबते. दोन पुंजक्यांना जोडणारे जनुक असेच असू शकते. रेघा दोनच, पण त्या तोडल्या तर जाळ्याचे दोन तुकडे. नुसत्या रेघा मोजणाऱ्याला हा घाट दिसत नाही.

आणखी एक साधी गोष्ट पुष्कळ जण विसरतात. वर्तुळ चित्राच्या मधोमध येणे हे बहुतेक वेळा संगणकाने रेघांचा गुंता कमी करण्यासाठी केलेल्या मांडणीचे फळ असते. पुन्हा मांडणी करावयास सांगा, मधला बाजूला जाईल.

खरी कसोटी

मग विश्वास कशावर ठेवावा? आमच्या मते तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, ते जनुक यादीतून वगळून सर्व परीक्षा पुन्हा घ्यावी. निष्कर्ष डळमळला तर जनुकाचे वजन आहे. पण एकाच जनुकावर सारा मार्ग उभा होता असे दिसले, तर तो मार्गच संशयास्पद ठरतो. दुसरी, दुसऱ्या लोकांत, दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच पुन्हा दिसते काय? तिसरी आणि सर्वांत कठीण, त्या जनुकाला प्रत्यक्ष हात लावून पाहावा. ते वाढवले किंवा बंद केले, तर बाकीची मंडळी हलतात काय?

मधुमेहाच्या अभ्यासात ही तिसरी कसोटी लावली गेली, आणि तेथे एक मोठी शिकवण मिळाली. शक्तिनिर्मितीच्या टोळीतील सुमारे दोनतृतीयांश जनुके एकसाथ वरखाली होतात, असे मूठा आणि मंडळींना दिसले. जणू कोणी एकच माणूस त्यांची दोरी ओढत होता. संशय पीजीसी-1-अल्फा या प्रथिनावर होता. ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने ते 1998 मध्ये उजेडात आणले होते. हे प्रथिन स्वतः शक्ती निर्माण करीत नाही, ते इतर जनुकांना जागे करते. उंदराच्या स्नायुपेशींत ते जास्त प्रमाणात घातले, तेव्हा पुढील तीन दिवसांत ही जनुके चढत गेली. म्हणजे ज्या टोळीचा भरणा दिसला, तिच्या यादीत या कारभाऱ्याचे नावच नव्हते. टोळीच्या आत कितीही रेघा मोजल्या असत्या, तरी तो सापडला नसता. बोळातला गृहस्थ तो हाच.

दुसरी कसोटीही लागली. त्याच वर्षी मेरी-एलिझाबेथ पट्टी आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांत अशीच घट दाखविली. आणि ज्यांना मधुमेह झालेला नाही पण ज्यांच्या घराण्यात तो आहे, त्यांच्यातही ती आढळली. तरीही घट हे रोगाचे कारण की परिणाम, की बैठ्या जीवनाची खूण, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला. कारण रेघ दोघांचा संबंध दाखविते. कोणी कोणाला ओढले हे सांगत नाही. व्यायामाने स्नायूतील पीजीसी-1-अल्फा वाढते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तेव्हा जो कमी चालतो, त्याच्या स्नायूत ते कमी असणे हे चालणे थांबल्याचे फळही असू शकेल.

आज मधुमेह नाही असे घर आपल्या गावात शोधावे लागेल. उद्या कोणी आपल्यापुढे जनुकांचे रंगीत जाळे ठेवून, मधल्या टपोऱ्या वर्तुळावर बोट ठेवून म्हणेल की तुमच्या दुखण्याचे मूळ हे. त्या वेळी श्रोत्यांनी शांतपणे चार प्रश्न विचारावेत: भरणा कोणाच्या तुलनेत जास्त? हे जनुक निराळ्या किती पुंजक्यांत बिनीला आहे? ते वगळले तर काय उरते? आणि त्याला हात लावून कोणी पाहिले आहे काय? चौघांची उत्तरे मिळाली तर त्याचे पुढचे म्हणणे मन लावून ऐकावे. न मिळाली तर चित्राचे कौतुक करून घरी यावे, आणि शक्यतो चालत यावे.